परक्या शहरात लोकरीच्या दुकानात का शिरावे

आइसलँडची राजधानी रेक्याविक दोन-तीन दिवसांत पाहून होते, असे बहुतेक सहलींचे वेळापत्रक सांगते. टेकडीवरचे हॉलग्रिम्सकिर्क्या हे उंच चर्च, बंदराकाठचे हार्पा हे काचेचे सभागृह, गरम पाण्याचे तलाव, आणि हिवाळा असेल तर रात्री बसने शहराबाहेर जाऊन आकाशातल्या हिरव्या प्रकाशाची वाट पाहणे, एवढ्यात सहल भरून जाते. या चर्चकडे चढत जाणाऱ्या स्कोलावोर्दुस्तीगुर नावाच्या रस्त्यावर आइसलँडच्या हातविणकाम संघटनेचे दुकान आहे. आत स्वेटरांच्या चळती असतात आणि फळ्यांवर रंगवार रचलेले लोकरीचे गुंडे असतात. विणणारी माणसे जगभरातून हे दुकान शोधत येतात. बाकीचे बहुतेक जण काचेतून स्वेटर पाहतात आणि पुढे जातात. माझे म्हणणे असे आहे की ज्याने जन्मात सुया हातात धरल्या नाहीत त्यानेही या दुकानात तासभर काढावा, आणि तोही स्वेटरांपाशी कमी, गुंड्यांच्या फळीपाशी जास्त. पर्यटकांसाठी सजलेल्या शहरात बहुतेक दुकाने पूर्ण झालेली वस्तू विकतात. लोकरीचे दुकान अर्धवट वस्तू विकते, आणि अर्धवट वस्तूला आपला जन्म लपवणे अवघड जाते.

तयार वस्तूची अडचण काय असते, ते रेक्याविकमध्येच फार स्पष्ट दिसते. 2010 साली आइसलँडला सुमारे पाच लाख परदेशी पाहुणे आले होते; 2017 साली त्यांची संख्या वीस लाखांच्या वर गेली. देशाची लोकसंख्या चार लाखांच्याही आत आहे. एवढ्या पाहुण्यांना गळ्याभोवती गोल नक्षीचा, 'लोपापेसा' नावाचा स्वेटर घरी न्यायचा असेल, तर तो हाताने विणणारी माणसे पुरणार कुठून? म्हणून आइसलँडची लोकर परदेशात पाठवून, तिथल्या स्वस्त मजुरीवर स्वेटर विणून घेऊन, ते परत आणून विकण्याचा धंदा उभा राहिला. नक्षी तीच, लोकरही बहुधा तीच. फक्त हात दुसऱ्या देशातले आणि त्या हातांना मिळालेला मोबदला कुणाला ठाऊक नाही असा. दोन स्वेटर शेजारी टांगले तर नवख्या माणसाला फरक कळत नाही. स्थानिक विणकरणींनी याविरुद्ध बरीच वर्षे आवाज उठवला आणि अखेर 2020 साली 'आइसलँडिक लोपापेसा' या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. आता हे नाव लावायचे असेल तर लोकर आइसलँडच्या मेंढीची हवी, ती नव्याने कातरलेली हवी, जुन्या कपड्यांतून काढलेली नको. स्वेटर आइसलँडमध्ये हातानेच विणलेला हवा, आणि तो शिवणीशिवाय, गोलात विणलेला हवा. नियम चांगला आहे, पण त्याची गरज पडली हीच गोष्ट बोलकी आहे. तयार स्वेटरावर विश्वास ठेवायचा तर कागद वाचावा लागतो. लोकरीच्या गुंड्याबाबत बरेचसे काम बोटांनी होते.

ती लोकर हातात घेतली की पहिली जाणीव होते ती खरखरीतपणाची. मऊ मेरिनोच्या सवयीच्या हाताला ती टोचते. हा दोष समजण्याआधी त्याचे कारण पाहायला हवे. नवव्या-दहाव्या शतकात नॉर्वेकडून आलेल्या वसाहतकरांनी आपल्याबरोबर आखूड शेपटीच्या उत्तरी मेंढ्या आणल्या. त्यानंतरची हजारभर वर्षे या मेंढ्या बेटावर जवळजवळ एकट्याच वाढल्या. बाहेरची जात आणून सुधारणा करण्याचे प्रयत्न झाले, पण 1933 साली आणलेल्या काराकुल मेंढ्यांबरोबर असे रोग आले की पुढे देशातल्या मेंढ्यांची मोठ्या प्रमाणावर कत्तल करावी लागली. त्या धड्यानंतर जुन्या जातीला जपण्याचा निश्चय पक्का झाला. या मेंढीच्या अंगावर दोन थर असतात. बाहेरचा, 'तोग', लांब, चिवट आणि पाणी निथळू देणारा. आतला, 'थेल', आखूड, मऊ आणि हवा धरून ठेवणारा. पूर्वी हे दोन थर हाताने वेगळे करत. तोगापासून दोर आणि जाड कापड होई, थेलापासून अंगाला लागून घालायचे कपडे आणि बाळांची वस्त्रे. आजची 'लोपी' लोकर दोन्ही थर एकत्र पिंजून करतात. म्हणून ती टोचते, म्हणूनच वजनाला हलकी असते आणि भुरभुर पावसात अंग कोरडे ठेवते. टोचणे आणि ऊब या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे पुस्तकात वाचून जितके पटते त्याहून चिमटीत धागा चोळून जास्त पटते.

दुकानात सर्वांत शिकवणारी वस्तू मात्र गुंडा नाही. सपाट, ताटाएवढ्या चकतीसारखी गुंडाळलेली 'प्लोतुलोपी' पाहावी. हिला पीळच नाही. आपल्याकडे चरख्यावर सूत काढणाऱ्यांना पेळू ठाऊक असतो. ही चकती म्हणजे लोकरीचा लांबच लांब, बारीक पेळू. जरा ओढला तर तुटतो. तुटला तर दोन टोके एकमेकांवर ठेवून ओलसर तळहातांत चोळायची, की पुन्हा जुळतो. गाठ मारावी लागत नाही. पीळ नसलेल्या या पेळवाने स्वेटर विणता येतो, आणि विणल्यावर तो टिकतो, कारण तोगाचे लांब केस एकमेकांत अडकून राहतात. विसाव्या शतकात कातण्याचे कष्ट वाचवण्यासाठी बायकांनी असे थेट पेळवाने विणायला सुरुवात केली आणि हाताला कमी दमवणारी ही पद्धत रुळली. शेजारच्या फळीवर 'लेत्त्लोपी' असते: 50 ग्रॅमच्या गुंड्यात 100 मीटर धागा, साडेचार मिलिमीटरच्या सुयांसाठी. तिच्याहून जाड 'आलाफोसलोपी' 100 ग्रॅमला तेवढीच लांबी देते. विणणाऱ्याला या आकड्यांवरून स्वेटर किती जड होईल ते कळते. न विणणाऱ्यानेही लेबल उलटून पाहावे, कारण त्यावर मेंढीच्या जातीचे आणि गिरणीचे नाव असते. स्वेटरांच्या दुकानातल्या चिठ्ठीवर इतके क्वचित लिहिलेले असते.

रंगांच्या फळीवरही थोडे थांबावे. पांढरा, काळा, राखाडी आणि तांबूस तपकिरी, या छटा रंगवलेल्या नसतात. मेंढीच्या अंगावरच्याच असतात. बाकीचे निळे, हिरवे, लाल रंग पांढऱ्या लोकरीवर चढवलेले. पांढरी लोकर हवा तो रंग घेते, म्हणून गिरणी तिला जास्त भाव देते, आणि म्हणून शेतकरी पांढऱ्या मेंढ्या वाढवतो. काळ्या-तपकिरी मेंढ्या टिकून राहतात त्या काही शेतकऱ्यांच्या आवडीमुळे आणि नैसर्गिक छटा मुद्दाम मागणाऱ्या विणकरांमुळे. फळीवरच्या तपकिरी गुंड्यांची जागा किती मोठी आहे, हे पाहिले की डोंगरावरच्या कळपाचा रंग कोण ठरवतो याचा अंदाज येतो. ग्राहकाची आवड मेंढीच्या जातीपर्यंत पोहोचते, ही साखळी दुसऱ्या कोणत्या दुकानात इतक्या कमी जागेत पाहायला मिळेल?

या साखळीचा इतिहासही डोळसपणे पाहिला पाहिजे, कारण पर्यटनाच्या जाहिराती तो गुळगुळीत करतात. मध्ययुगात आइसलँडमध्ये 'वाथमाल' नावाचे लोकरीचे हातमागाचे कापड चलनासारखे वापरले जाई; दंड, कर, देणी कापडाच्या मापात मोजत. विणकाम, म्हणजे सुयांवरचे, तिथे सोळाव्या शतकात आले. त्यानंतर पुरुष, बायका, मुले सगळेच विणू लागले आणि मोज्यांचे, हातमोज्यांचे हजारो जोड परदेशी जाऊ लागले. गोल नक्षीचा लोपापेसा मात्र विसाव्या शतकाच्या मध्याचा. त्याची कल्पना ग्रीनलंडच्या मण्यांच्या गळपट्ट्यांवरून आली, की स्वीडनच्या विणकामावरून, की आणखी कुठून, यावर अजून वाद आहे. म्हणजे जाहिरातीत प्राचीन म्हणून मिरवणारा हा स्वेटर आपल्या आजी-आजोबांच्या पिढीचा आहे. प्राचीन आहे ती मेंढी आणि तिची लोकर. लोकरीच्या दुकानात गेलेल्या माणसाची या बाबतीत फसगत होत नाही. जुने काय आणि नवे काय ते त्याला समोरासमोर दिसते.

गिरण्यांची कथाही सरळ नाही. रेक्याविकजवळच्या मोस्फेल्सबायर गावात आलाफोस ही लोकर गिरणी 1896 साली सुरू झाली. जवळजवळ शंभर वर्षे तिने देशाची लोकर कातली आणि 1991 साली ती बुडाली. त्याच वर्षी तिच्या अवशेषांतून ईस्टेक्स ही कंपनी उभी राहिली, तिच्यात मेंढपाळ शेतकऱ्यांचा मोठा वाटा आहे. देशभरातली बहुतेक लोकर हीच कंपनी गोळा करते. उत्तरेकडच्या ब्लोन्दुओस गावात ती धुतली जाते आणि मग कातायला येते. धुण्याची सोय एका ठिकाणी आहे, प्रतवारीचे नियम ठरलेले आहेत, आणि सरकार चांगल्या लोकरीसाठी शेतकऱ्याला अनुदान देते. 1970 च्या दशकाच्या अखेरीस देशात आठ लाखांहून अधिक मेंढ्या होत्या. आज चार लाखांच्या आत आहेत. घट मोठी आहे. तरीही उरलेल्या मेंढीची लोकर उकिरड्यावर न जाता फळीवर येते, ती या व्यवस्थेमुळे. हातविणकाम संघटनाही अशीच एका निकडीतून जन्मली. 1977 साली विणणाऱ्या बायकांनी एकत्र येऊन ती स्थापन केली, कारण घरी बसून विणलेल्या स्वेटराला व्यापारी देईल तो दाम घ्यावा लागत होता. एक स्वेटर विणायला सराईत हातालाही कित्येक दिवस लागतात. त्या दिवसांची किंमत ठरवणे हा त्यांच्या दुकानाचा मूळ हेतू होता. स्वेटराची किंमत पाहून दचकणाऱ्या पाहुण्याने शेजारच्या फळीवरच्या लोकरीची किंमत पाहावी. दोहोंतला फरक हा बाईच्या वेळेचा भाव आहे, आणि एकाच छपराखाली तो इतका उघड मांडलेला क्वचित असतो.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की प्रत्येक शहरातले लोकरीचे दुकान असे नसते. हे खरे आहे. लंडन, न्यूयॉर्क, टोकियो, कुठेही गेले तरी नव्या धाटणीच्या दुकानांत बराचसा माल सारखाच दिसतो: हाताने रंगवलेल्या मेरिनोच्या लडी. मेंढी ऑस्ट्रेलियाची किंवा दक्षिण अमेरिकेची, कातणे तिसऱ्याच देशात, रंगवणे चौथ्या. उरुग्वेत रंगवलेली लोकर तर जगातल्या कितीतरी शहरांत हमखास सापडते. शिवाय अशा बऱ्याच लोकरीवर यंत्रात धुता यावे म्हणून प्रक्रिया केलेली असते. लोकरीच्या केसावर खवले असतात. ते एकमेकांत अडकले की कापड आटते. क्लोरीनने हे खवले झिजवतात आणि वर पातळ रासायनिक थर देतात. लोकर रेशमासारखी गुळगुळीत होते आणि तिचा मूळ स्वभाव जातो. अशा दुकानात त्या शहराविषयी काय कळणार? मला वाटते, तिथेही बरेच कळते, फक्त ते सुखाचे नसते. स्थानिक लोकर कोणती, असे विचारले आणि दुकानदाराला फळी दाखवता आली नाही, तर त्या प्रदेशातल्या मेंढीचे आणि गिरणीचे काय झाले याचे उत्तर मिळाले. आणि अनेकदा मोठ्या फळ्यांच्या तळाशी एखाद्या छोट्या गिरणीची, जवळच्या खोऱ्यातल्या मेंढ्यांच्या लोकरीच्या चार-सहा लडी असतात. त्या मागितल्याशिवाय पुढे येत नाहीत. म्हणून माझा दावा 'कोणतेही लोकरीचे दुकान प्रदेश दाखवते' असा नाही. त्या दुकानात विचारलेला एक प्रश्न प्रदेश दाखवतो, असा आहे.

दुसरा आक्षेप सोयीचा: सगळे घरबसल्या मागवता येते, मग सुट्टीतला तास का घालवायचा? लोपी पुण्यात बसूनही मागवता येते, हे मान्य. पण पडद्यावर टोचत नाही. पडद्यावर पेळू तुटत नाही आणि तळहातात जुळतही नाही. रंगाची नैसर्गिक छटा प्रत्यक्षात जितकी निराळी दिसते तितकी छायाचित्रात दिसत नाही. मालाची माहिती दुरून मिळते, स्वभाव हातातच कळतो. शिवाय मागवणाऱ्याला आधीच ठाऊक असलेले नावच तो शोधतो. दुकानात गेलेल्याला ठाऊक नसलेले नाव भेटते.

उष्ण देशातल्या माणसाला या जाड, टोचऱ्या लोकरीचा उपयोग काय, असेही विचारले जाईल. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत लोपीचा स्वेटर वर्षातून चार पहाटा घालता येईल. पण मी प्रवाशाला लोकर विकत घेण्याचा आग्रह करत नाही. पाहावी, हाताळावी, प्रश्न विचारावेत. घ्यायचीच झाली तर एक गुंडा पुरे, आणि बॅगेत त्याला जागाही फारशी लागत नाही. संग्रहालयात आपण वापरायच्या हेतूने जात नाही, तसेच हे समजावे. फरक इतकाच की इथल्या वस्तूंना हात लावता येतो.

चौथा आक्षेप अधिक गंभीर आहे. लाखो पाहुणे येतात म्हणूनच ही दुकाने तगतात, म्हणजे हा सगळा देखावाच नव्हे का? पर्यटन थांबले तर काय उरेल? याचे उत्तर 2020 आणि 2021 या वर्षांनी दिले. कोरोनाच्या साथीत विमाने फार कमी झाली होती, रस्ते रिकामे होते, आणि तरी लोपीची मागणी इतकी वाढली की गिरणीला पुरवठा जमेना. घरात अडकलेल्या आइसलँडच्या आणि परदेशातल्या माणसांनी सुया उचलल्या होत्या. स्वेटरांच्या विक्रीला पर्यटकांची गरज असेल. लोकरीच्या विक्रीचा पाया विणणारे हात आहेत. जिथे गावातल्याच माणसांनी मालाची फळी रिकामी केली, तिथे केवळ देखावा आहे असे म्हणता येत नाही.

आता हाच प्रश्न उलटा करून पाहावा. रेक्याविकची एखादी विणकरीण पुण्यात सुट्टीला आली आणि तिने तुळशीबागेजवळच्या दुकानात स्थानिक लोकर मागितली, तर तिच्यासमोर काय येईल? रंगीबेरंगी गुंड्यांच्या राशी येतील, आणि त्यांतल्या बहुतेकांवर शंभर टक्के अॅक्रिलिक असे छापलेले असेल. हा धागा खनिज तेलापासून होतो. स्वस्त आहे, धुवायला सोपा आहे, बाळांच्या टोप्यांसाठी घराघरांत वापरला जातो, आणि तो वापरणाऱ्या बायकांच्या कौशल्याला मी तसूभरही कमी लेखत नाही. सुलट-उलट टाक्यांतून त्यांनी काढलेल्या नक्षी कोणत्याही देशाच्या तोडीच्या आहेत. पण त्या दुकानात मेंढी नाही. आणि पुण्यापासून काही तासांच्या अंतरावर, सोलापूर, सातारा, सांगलीच्या माळांवर दख्खनी मेंढी आहे. काळी, राठ, वर्षातून दोनदा कातरली जाणारी तिची लोकर शतकानुशतके घोंगडीत विणली गेली. धनगरांच्या बायकांनी सूत काढले, सनगरांनी मागावर विणले, चिंचोक्याची खळ देऊन ताणा घट्ट केला. आज लोकरीला मिळणारा भाव कातरणीच्या मजुरीलाही पुरत नाही, म्हणून ती अनेक ठिकाणी माळावरच टाकून दिली जाते. मांसाला भाव आहे, म्हणून माडग्याळसारख्या कमी लोकरीच्या आणि भरदार अंगाच्या मेंढ्यांकडे कल वाढतो आहे. ज्या मेंढपाळाला पोटासाठी हे करावे लागते, त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

दख्खनी लोकर फार राठ, तिचे स्वेटर कोण घालणार, असे म्हटले जाते. लोपीही टोचते, हे वर आलेच आहे. आणि दख्खनी त्याहूनही राठ आहे, हेही खरे. तिचा अंगाला लागून घालायचा कपडा होणार नाही. पण पिशव्या, आसने, जाजमे, पायपुसणी, भिंतीवरची कामे, थंडीत वरून घ्यायच्या शाली, एवढ्या गोष्टींसाठी ती उत्तम आहे, आणि तिचा काळा रंग धुऊन जात नाही, कारण तो चढवलेलाच नाही. आइसलँडने लोकर मऊ केली नाही. लोकर गोळा करायची, प्रत लावायची, एका ठिकाणी धुवायची आणि लहान गुंड्यात भरून सामान्य ग्राहकाच्या हातात द्यायची व्यवस्था केली. आपल्याकडे घोंगडी विकत मिळते, यात्रांच्या बाजारात मिळते, हातमागाच्या प्रदर्शनांतही मिळते. पण विणणाऱ्या बाईला घरी नेता येईल असा दख्खनी लोकरीचा धुतलेला, कातलेला, वजन आणि लांबी छापलेला गुंडा शहरातल्या साध्या दुकानात मिळत नाही. राज्यात पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे, त्याचे मुख्यालय पुण्यातच आहे. केंद्राचे लोकर विकास मंडळ जोधपूरला आहे. एक धुलाई केंद्र, प्रतवारीचे साधे नियम, आणि पुणे, कोल्हापूर, मुंबई इथल्या नेहमीच्या लोकरीच्या दुकानांत एकेक फळी, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. सुरुवातीला गुंडे महाग पडतील आणि खपही मंद असेल. ते घेणारे पहिले ग्राहक बहुधा बाहेरगावाहून सुट्टीला आलेलेच असतील, कारण स्थानिक लोकर कोणती हा प्रश्न दुकानात विचारायची सवय त्यांना असते.